फॉर्मवरचा शेवटचा रकाना

रविवार, संध्याकाळ

धबधब्यावरून घसरताना खरचटलेलं कोपर झोंबतंय. पण डोक्यातून जात नाही तो फॉर्मचा शेवटचा रकाना.

कंपनीच्या टीमबरोबर धबधबे उतरायला गेलो होतो. कड्यावरून डोहात उडी मारायला पुढे झालो, तर गाईडने फॉर्म दाखवून थांबवलं. "सर, काय झालं तर कुणाला कळवायचं, हितं तुम्ही मॅनेजरचं नाव टाकलंय. घरी कुणी न्हाई का?"

सर्व्हर बंद पडला की त्यांना कळवतो, त्याच सवयीने लिहिलं असणार. ते खोडून सुनीताचं नाव घातलं. नंबर आठवेना. मोबाईल खाली बसमध्ये. लग्नाला अठरा वर्षं झाली आणि बायकोचा नंबर पाठ नाही? मागे टीममधली पोरं खोळंबली होती. उडी न मारताच बाजूला झालो.

घरी सुनीता कोपराला हळद लावत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खडसावेल. तिने न बघता माझा नंबर घडाघडा म्हटला. मग आणखी एक म्हटला. तो मॅनेजरचा होता.

"तुम्ही फोन उचलत नाही, तेव्हा त्यांनाच विचारते. फॉर्म बरोबरच भरला होतात की."