बैलाचं औषध पोटाला

चि. सौ. द्वारका हिला सांगवीहून थोरल्या बहिणीचे, म्हंजी प्रयागअक्काचे, पोटभर आशीर्वाद. (पोट थोडं कमी झालंय, आशीर्वाद तेवढेच हायत.) हितं समदे धडधाकट. तिकडं निमगावात तुझे गुडघे, रामहरराव आन म्हैस, तिघंबी बरी असतील असं धरून चालते. एका डोळ्यानं लिहितीय, ओळी चढल्या तर मान वाकडी करून वाच.

आनंदाची बातमी आधी. मोतीबिंदूचं आपरेशन ठरलं! चैतात डोळ्याच्या डाक्टरनं बजावलं होतं, शुगर खाली आणा, मगच हात लावीन. आन मला तर सोनमची लेक तोंडावरनं वळखायचीय. पणती झाली, आन मी तिला नुसती रडण्यावरनं वळखते. म्हणून हट्टाला पेटले.

शुगरच्या डाक्टरीणबाई म्हणल्या, पोटावरची चरबी म्हंजी कणगीतलं गुमान पडलेलं धान्य न्हाय. लई कोंबली की तिला आतनं सूज येती. दिसत न्हाय, दुखत न्हाय, पण तिथनं रगतात असं कायबाय उतरतं की अंग इन्सुलिनचं ऐकंनासं होतं. इन्सुलिन वरडतंय आन साखर आपली रगतात हिंडतीय. (मला लगेच पटलं. कौसल्या सुनेपुढं माझं तेच हाय.)

पण सूज म्हणल्यावर मी पुढचं ऐकलंच न्हाय. आपल्या आबांनी बैलांचे सुजलेले खांदे किती उतरवले, आन मला शिकवणार? घरी येऊन पोटाला आंबेहळदीचा लेप दिला, वर एरंडाचं पान शेकून बांधलं. सुजल्या खांद्याच्या बैलाला कुणी जुंपत न्हाय, म्हणून पंधरा दिस खाटंवर इसावा. इसाव्याच्या बैलाला पेंड जादा घालत्यात, म्हणून मी शिरा. (रीत मोडायची न्हाय.) मधी बचतगटाच्या बैठकीला गेले, तर उठताना पान भुईला, लेप घामानं खाली वघळलेला आन भागूबाईची पांढरी खुर्ची पिवळीजर्द. ती समद्यांदेखत म्हणती, "प्रयागबाई, हळद लागली व्हय? नवरा कुठला?"

शुगर तपासली, तर आणखी चढलेली. डाक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "आजी, तुमचा बैल जुंपा! ही सूज इसाव्यानं वाढती, चालल्यानं उतरती."

मग घेतलं जुंपून. दोन्ही जेवणांनंतर कॅनॉलच्या कडंनं अर्धा तास, गोळी वेळंवर, भाकरी एक, चहा फिका. तेबी कारखान्याची सभासदाची साखर घरात पोत्यानं असताना! लेक रविराज म्हणला, आठ दिस टिकंल. पाच म्हैने झाले, आता सोबत येताना तोच धापा टाकतोय. सहा किलो गेलं, तीन म्हैन्याची शुगर नवाच्या वरनं सातावर आली. गोळी सुटायची न्हाय, आन मी बी कॅनॉल सोडायची न्हाय.

येत्या बुधवारी बारामतीत आपरेशन. दहा-पंधरा मिन्टाचं काम, त्यात भ्यायचं काय? कुणी धावत यायची गरज न्हाय.

तुझी अक्का,
प्रयाग

ता.क. मंगळवारीच ये. डोळा उघडा ठेवून आत सुरी घालत्यात म्हणं गं. हात धरायला घरचं दुसरं कुणी नको, तूच पायजेस.

आणखी ता.क. भागूबाई भेटली तर तोंड बारीक करून बस. तिला मी सांगून ठेवलंय, की धाकटीनं माझ्या आपरेशनाचा लई धसका घेतलाय, तिला धीर द्यायला मीच बोलावलंय.