उपासाच्या दिवशीची गोळी

सावर्डे, १४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. गंगूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. लावणी आटोपली, सासूबाईंची कंबर नेहमीसारखीच कुरकुरते आहे, बाकी आम्ही बरे.

चिपळूणच्या डॉक्टरांनी रक्तात साखर आहे म्हटलं. रोज सकाळची एक गोळी दिली आणि वजन उतरवा म्हणाले. त्यांनी नव्याने सांगायला नको होतं. शिमग्याला तुझे भावोजी चारचौघांत म्हणालेच होते की पालखीपेक्षा हिला उचलायला जास्त खांदे लागतील. सगळे हसले, मीही हसले. आता सोमवार, गुरुवार आणि शनिवार उपास धरते. तू म्हणशील साबुदाणा हाणत असणार. तसं नाही, रात्रीपर्यंत अगदी निरंकार, पाण्यावर. गोळी तेवढी घेते, कारण औषधाने उपास मोडत नाही असं सासूबाई म्हणाल्या. पोलकी ढिली झाली आहेत. दुपारी हात कापतात, घाम सुटतो, पण वजन उतरायचं म्हणजे एवढं होणारच.

हरिश्चंद्ररावांना नमस्कार. लोभ आहेच, तो उतरवू नकोस.

तुझी,
मालनताई


घाटकोपर, २५ ऑगस्ट १९८६

ती. सौ. ताईस,

गंगूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र वाचून मी इतकी हसले की हे स्वयंपाकघरात बघायला आले. आमच्या उपासाला साबुदाणा, रताळी, वर शेंगदाण्याची आमटी, म्हणून मी दर एकादशीला फुगते आणि तू चवळीची शेंग होणार. भावोजी गणपतीला आले की ओळखणार नाहीत बघ.

हात कापतात ते मात्र मला आवडलं नाही. संध्याकाळी लिंबाचं सरबत तरी घेत जा. घेणार नाहीस, ठाऊक आहे.

सासूबाईंना नमस्कार. आहे तसाच लोभ राहू दे.

तुझी,
गंगू


सावर्डे, १२ सप्टेंबर १९८६

चि. सौ. गंगूस,

अनेक आशीर्वाद. गौरी-गणपती पार पडले.

हरतालिकेला सकाळी गोळीपुरतं पाणी घेतलं, मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी हे मुंबईहून आले, ओटीवर माणसं जमली होती. माझं अंग थरथरायला लागलं, घामाने निथळले, पुढचं मला ठाऊक नाही. म्हणे मी घुमले. शेजारच्या जनीने कुंकू लावून मुलाच्या नोकरीचं विचारलं. मी काही पुटपुटले, तो तिने होकार धरला. शेवटी सासूबाईंनी ओटी भरून तोंडात गूळ-खोबरं घातलं, तेव्हा देवी शांत झाली.

शुद्धीवर आले तर ह्यांचं डोकं माझ्या पायांवर. लग्नाला सतरा वर्षं झाली, कशी आहेस म्हणून कधी विचारलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. पाय मागे घ्यावेत एवढंसुद्धा सुचलं नाही.

देवी अंगात येते म्हणून लोक आता मला देवीचं झाड म्हणतात. नवरात्रात नऊ दिवस निरंकार धरायचा ठरला आहे. माझ्या वतीने ह्यांनीच बोलून टाकलं. मुंबईची मंडळी कौल घ्यायला येणार. वजन किती उतरलं ते कोणी विचारलं नाही.

लोभ आहे तो असावा.

मालनताई


घाटकोपर, २० सप्टेंबर १९८६

ती. सौ. ताईस,

शि. सा. नमस्कार. आज चेष्टा नाही.

तुझं पत्र मी नाक्यावरच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, ही गोळी रक्तातली साखर खाली ओढते, आणि पोटात काही नसलं तर ओढतच राहते. थरथर, घाम, बडबड, सगळं त्यामुळेच. त्या दिवशी गुळाने वाचलीस. पुढच्या वेळी कोणी तोंडात गोड घातलं नाही तर उठायची नाहीस. आधी खायचं, मग गोळी. वजन उतरवायचं तर वेळच्या वेळी थोडं कमी जेवून, आणि उपास करायचाच असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारून. गोळी मनाने बंदही करायची नाही.

मी भावोजींकडे जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवीला साखरेचा रोग लावू नकोस. पुढे बोलू दिलं नाही.

ताई, मला फार भीती वाटते. नऊ दिवस तू निभावणार नाहीस. उपास सोड. देवी रागावलीच तर माझ्यावर रागावू दे. उत्तर धाड, दोन ओळी का होईना.

तुझीच,
गंगू


सावर्डे, १८ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. गंगूस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. मी आहे.

तुझं सांगणं सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, गंगू मुंबईला राहून बाटली. माझं ऐकायला घरात कोणी नव्हतं, आणि माझं कधी ऐकलंही नाही. ऐकतात ते देवीचं.

घट बसले त्या पहाटे कोणी उठायच्या आत शिळी भाकरी खाल्ली, मग गोळी घेतली. संध्याकाळी ओटीभर माणसं. अंगात काही नव्हतं, देवी नाही आणि थरथरही नाही. मग मीच घुमले. लहानपणापासून पाहिलेलं, जमलं. घुमताना सांगितलं की माझं झाड उपाशी ठेवाल तर मी हे घर सोडून जाईन. त्याला रोज सगळ्यांच्या आधी जेवू घाला, मगच औषध द्या. ह्यांनी जमिनीवर नाक घासलं. उपास तिथेच सुटला.

एवढं मोठं खोटं बोलले, देवीची भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. चिपळूणला जाऊन आले, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. वजनाचं मी विचारलं नाही.

आता सासूबाई पहिलं ताट मला वाढतात आणि माझं जेवण होईपर्यंत हात जोडून उभ्या राहतात. घरात मला नावाने कोणी हाक मारत नाही. दसऱ्यानंतर मुंबईला जाताना हेसुद्धा मला आई म्हणाले. मी वेळेवर जेवते.

तुझा लोभ असू दे, तो मात्र मालनवरच.

तुझी,
मालन