पडलेल्या लिंबांचं इंग्रजी

११ जानेवारी, शनिवार

एक वाक्य. एकच! आणि ते संपेपर्यंत मला धाप लागली.

मच्छिंद्र भावजी काष्टीच्या बाजारातून परस्पर इकडेच आले. सुनीलचे चुलतभाऊ, आणि सध्या आमच्या गावच्या शेतकरी कंपनीचे चेअरमन. हातात छापलेला कागद. "वहिनी, येवढं नीट टाईप करून द्या." मी म्हटलं, भावजी, मी टायपिंग नाही करत. मी इंग्रजी पुस्तकांचं संपादन करते, पुण्याचे प्रकाशक मला त्याचेच पैसे देतात. "त्येच की वो!" म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकतेय.

कागद हॉलंडला जायचाय. तिथल्या मारिकेबाईंची दुकानं आहेत. आमचं लिंबाचं लोणचं त्यांनी चाखलं, आवडलं, आणि विचारलं — कोण करतं, कशाचं करतं, कसं करतं? सरळ प्रश्न. उत्तर सुमंत सरांनी लिहून दिलं. त्यावर बाईंचं म्हणणं आलं: माफ करा, आम्हाला काहीच कळलं नाही, फेब्रुवारीच्या आत सोप्या शब्दांत पुन्हा कळवाल का?

कळणार कसं! 'अवर एस्टीम्ड लेमन्स, बीइंग टेंडरली प्लक्ड फ्रॉम द बाउंटिफुल ब्रांचेस...' — लिंबांनाच सन्माननीय करून टाकलंय! बाईंनी लोणचं मागितलंय, सत्कार समारंभ नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ही मागणी हुकली तर लोणच्याची शेड बंद करायची, असं कंपनीत ठरलंय. शेड कंपनीची असली तरी ती उभी केली सासूबाईंनी — बाकीच्या संचालकांशी भांडून. बनुबाई, पुष्पावती, कितीजणी तिथे कामाला येतात. शेड गेली तर त्या पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणार. आणि सासूबाई? त्या घरात बसल्या तर आमचं काही खरं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन सुमंत सरांकडे गेले. त्यांच्या लिखाणाला हात लावायचा तर परवानगी नको? अख्ख्या गावाला इंग्रजी त्यांनी शिकवलं. सुनील, चेअरमन, सगळे त्यांच्या छड्या खाल्लेले. अजूनही सर समोर आले की भावजी मोबाईल खिशात घालतात.

सर म्हणाले, "ज्ञानेश्वरी, स्पेलिंग वगैरे बघ. बाकी बदलण्यासारखं काही नाही. इंग्रजी भाषा भरजरी नेसली की शोभते." मी मनात म्हटलं, भरजरी नेसून लोणचं घालतं का कुणी?

चहा त्यांनी स्वतः केला. त्यांच्या पत्नी, प्रेमलाकाकू, दिवाळीत वारल्या. नात देवश्री कॅनडात, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून सर तिच्यासाठी आजीबद्दल इंग्रजीत लिहितायत. तेव्हापासून पहिल्याच वाक्यावर आहेत. स्वतःच सांगत होते — "प्रेमलेला इंग्रजी येत नव्हतं, पण मी लिहायला बसलो की स्वयंपाकघरातून विचारायची, 'झालं का वाक्य? चहा गार होतोय!' झालेलं नसायचंच."

हसले. मग दोन्ही कप उचलून विसळायला गेले.

१७ जानेवारी, शुक्रवार

मजा! दिवसभर कापाकापी. माझी एकच रीत आहे — प्रत्येक शब्दाला विचारायचं, बाबा, तू म्हणजे नेमकं काय? उत्तर देता आलं नाही की चालू लाग.

'प्रीमियम' — म्हणजे काय? चालू लाग. 'टाइम-ऑनर्ड' — चालू लाग. 'ट्रॅडिशनल मेथड' जरा अडून बसला, म्हणून शेडमध्ये जाऊन बनुबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मीठ लावायचं, बरनीत भरायचं, उन्हात ठेवायचं. रोज हलवायचं. मऊ पडलं की मसाला." घ्या! हीच ती मेथड. इंग्रजीत तेवढंच लिहिलं. चव आली वाक्याला.

१९ जानेवारी, रविवार

'टेंडरली प्लक्ड फ्रॉम द ब्रांचेस'पाशी आले आणि थांबले.

सकाळी सासूबाईंबरोबर बागेत गेले होते. बायका वाकून, पाट्या घेऊन, झाडांखालून लिंबं वेचत होत्या. झाडाला कुणाचा हात लागत नव्हता! विचारलं तर सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तोडायचं कशापायी? काटं किती हायती बघ की. आन् तोडल्यालं लिंबू कच्चं ऱ्हातं. पिकलं की आपसूक पडतंय. मग येचायचं."

म्हणजे 'प्लक्ड' खोटं. 'टेंडरली' खोटं. 'ब्रांचेस'सुद्धा खोटं! नुसतं बोजड नाही, चुकीचंच. बोजड शब्द एकवेळ चालवून घेईन. खोटा नाही.

संध्याकाळी भावजींना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, पडकी लिंबं म्हनून लिव्हनार? गोऱ्या लोकास्नी? आवो, त्यास्नी वाटंल आमी कचरा गोळा करून बरनीत भरतो!"

२१ जानेवारी, मंगळवार

कंपनीच्या ऑफिसात बैठक. सुमंत सर मुद्दाम बोलावलेले. माझा मसुदा त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचला. 'फॉलन लेमन्स'वर बोट ठेवलं.

"फॉलन! या शब्दाचा इंग्रजीतला संस्कार तुला ठाऊक आहे? फॉलन म्हणजे पतित!"

भावजींना तेवढंच हवं होतं. "बघा! मी म्हनलंच हुतं."

मी म्हटलं, शब्द बदलते सर, पण गोष्ट बदलणार नाही. लिंबं झाडावरून तोडत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. सर म्हणाले, "माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत सांगणं वेगळं." आणि सगळ्यांत वाईट — सासूबाई. त्यांनी हे सगळं ऐकलं, आणि उठल्या. "माझ्या लिंबास्नी पडकी म्हनती व्हय गं?" एवढंच. जेवताना भाकरी वाढली ती सुनीलच्या ताटात, माझी टोपलीतच.

२२ जानेवारी

अबोला. सुनील म्हणतो, "लिहून टाक ना 'प्लक्ड'. कुणाला कळणारे?" मला कळणारे!

राग आलाय. खरंच आलाय. रडूही आलं थोडं.

२५ जानेवारी, शनिवार

सापडलं! सापडलं!

चूक माझीच — 'फॉलन' बरोबर होता, पण गरीब होता. गोष्टीचा अर्धाच भाग सांगत होता. लिंबू पडतं हे खरं, पण ते का पडू देतात? 'फॉलन'मध्ये माणसं कुठेच नव्हती. सगळा बेत मोडून नव्याने मांडला. 'कलेक्ट' घेऊन बघितला — कर गोळा करतात, कचरा गोळा करतात. नको. 'पिक अप' — रस्त्यावर सापडल्यासारखं. नको. 'गॅदर'! फुलं गॅदर करतात, माणसंही गॅदर होतात. हां!

'वी डू नॉट पिक अवर लेमन्स. वी वेट. व्हेन अ लेमन इज राइप, द ट्री लेट्स गो. एव्हरी मॉर्निंग वी गॅदर देम.'

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांच्याशेजारी जाऊन बसले, बोलत नव्हत्या तरी. वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं — आम्ही लिंबं तोडत नाही. वाट बघतो. पिकलं की झाड स्वतःच सोडतं. रोज सकाळी आम्ही वेचतो.

लसूण थांबला. "फिरून वाच." वाचलं. "वाट बघतो हे इंग्रजीत लिव्हलंय?" लिहिलंय. "कुठं? दाव." मी 'वी वेट'वर बोट ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून लसणाचं बोट फिरवलं. "हां. हे बराबर हाय. सगळं काम वाट बघायचंच तर हाय. हिरवं तोडून लवकर बाजाराला न्हेनारं लई हायती."

आज भाकरी माझ्या ताटात आधी पडली. वर लोणी!

३० जानेवारी, गुरुवार

भावजी अडून बसले — सरांनी हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे पाचवीतल्या मुलाचं इंग्रजी आहे. पाठवायचं तर पाठवा. माझं नाव त्यातून काढा." भावजींना घाम फुटला.

सासूबाईंनी पदर खोचला. "मच्छिंद्र, शेड कुनाची?"

"कंपनीची, काकू."

"आन् कंपनीची संचालक कोन?"

"तुमी."

"मंग धाड."

धाडलं!

६ फेब्रुवारी

उत्तर नाही.

११ फेब्रुवारी

उत्तर नाही. भावजी वाटेत भेटले. नुसती मान हलवली, आजारी माणसाला भेटून आल्यासारखी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आलं!! मारिकेबाई लिहितात, बरणीत काय आहे ते आता कळलं. आणि पुढे — 'तुम्ही खरंच वाट बघता? मला बघायचंय.' पुढच्या शनिवारी व्हिडिओ कॉल, थेट बागेतून.

सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "लुगडं कंचं नेसू?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस! कुठून सुरुवात करू?

आमच्याकडे दुपार, त्यांच्याकडे सकाळ. दोन ओळी मुद्दाम वेचायच्या ठेवल्या होत्या. मी मोबाईल घेऊन बागेत पोचते तर काय — झाडांखाली एकसारखी, पिवळीधमक, पुसून चकचकीत केलेली मोठाली लिंबं मांडून ठेवलेली! हारीने! भावजींचा उद्योग. दुसऱ्या बागेतून निवडून आणली होती. "जरा बरं दिसावं म्हनून," म्हणाले. सासूबाईंनी त्यांना पाटी दिली आणि एकेक लिंबू उचलायला लावलं. कंपनीचा चेअरमन, पांढऱ्या शर्टात, ओणवा! बनुबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मारिकेबाई दिसल्या. केस पिकलेले, डोळे हसरे. त्यांनी विचारलं, हे झाड, ह्याखाली मुक्ताबाई — पत्रात सासूबाईंचं नाव लिहिलं होतं — वेचतात का? सासूबाई म्हणाल्या, "व्हय," आणि वाकल्या — आणि त्याच क्षणी, देवाशप्पथ, वरून एक लिंबू सुटलं आणि त्यांच्या पाठीवर पडून मातीत घरंगळलं! टप्!

मारिकेबाई ओरडल्याच. त्यांच्याहून मोठ्याने भावजी ओरडले — "पडलं! वहिनी, पडलं! त्यास्नी सांगा, आत्ता पडलं, ताजं पडलं!" पडकी लिंबं म्हणायला लाजणारा माणूस! सासूबाईंनी लिंबू उचललं, पदराला पुसलं, मोबाईलसमोर धरलं. म्हणाल्या, "सांग त्यास्नी. हे आमी मागितलं न्हवतं."

मी सांगितलं. बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मागणी पक्की. वर्षभराची! शेड चालू राहणार. आणि बरणीवरच्या कागदावर माझी चार वाक्यं, जशीच्या तशी. बाईंनी लिहिलंय, एक शब्दही हलवायचा नाही. मी! माझी! पुण्याच्या प्रकाशकांनी आजवर कुठल्या पुस्तकात माझं नाव छापलं नाही, आणि आता माझी वाक्यं हॉलंडच्या फळीवर बसणार. नाव नसलं तरी चालेल. खरंच चालेल.

१ मार्च, शनिवार

सासूबाईंबरोबर बाजार. मिरचीवालीने विचारलं, सून काय करते? मी मनात म्हटलं, आता 'टायपिंग' येणार. तर ह्या म्हणाल्या, "इंग्रजी निवडती. तांदूळ निवडावं ना, तसं. खडं काढून टाकती."

इतकी वर्षं मी लोकांना माझं काम समजावून सांगतेय. एवढं चांगलं मला कधी सांगता आलं नाही. मिरच्या जरा जास्तच घेतल्या.

येताना सरांकडे बरणी दिली. त्यांनी ती उजेडात धरून कागद वाचला. "अभिनंदन," म्हणाले. चहा विचारला नाही. एवढं जिंकून घरी आले, आणि तेवढंच खटकत राहिलं.

९ मार्च, रविवार

सकाळी सुमंत सर दारात. हातात एकच कागद. बसा म्हटलं, बसले. चहा ठेवला, घेतला नाही. कागद पुढे केला — "जरा बघतेस?"

देवश्रीसाठी लिहिलेलं. वर लांबलचक वाक्य, त्यात 'बिलव्हेड कॉन्सॉर्ट', 'हेवनली अबोड', सगळं. सगळ्यावर त्यांनी स्वतःच एक सरळ रेघ मारलेली. खाली फक्त — 'प्रेमला डाइड.'

सर म्हणाले, "पुढे सुचत नाही. बघ काही राहिलंय का."

मी पेन्सिल उचलली. पुन्हा खाली ठेवली.

"झालं, सर. वाक्य झालं."

मग त्यांनी गार झालेला चहा घेतला.