देव्हाऱ्यातला बादशहा

लातूर,
११ जुलै १९८३

प्रिय केरबा,

नमस्कार. आम्ही इथं ठीक. मृग कोरडा गेला, पाणी टँकरचं. जिल्हा नवा झाल्यापासून ऑफिसांच्या पाट्या मात्र रोज उगवतात. कंधारला तुझी नातवंडं कविता पाठ करतात का? चालीवर म्हणायला लाव. चौथीत तू वरचा सूर धरायचास, मी खालचा. अजून आंघोळीला बसलो की मी माझा सूर म्हणतो. वरचा रिकामाच राहतो.

बातमी सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलाव खणताना तुला तांब्याचं नाणं सापडलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. मी मास्तर, म्हणून माझ्याकडे आणलंस. मी पाहताक्षणी सांगितलं, माहूरच्या रेणुकेचा टाक आहे, आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

परवा कॉलेजातले मडिवाळप्पा सर प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू शोधत घरी आले. भिंग लावलं आणि हसले. "गुरुजी, हा तर रोमचा बादशहा! सोळाशे वर्षांपूर्वीचा. डोक्याला मोत्यांची पट्टी, तिची गाठ मानेमागं. उलट्या बाजूला दोन शिपाई."

तुझी उमावहिनी दारातूनच म्हणाली, "अगं माय! मंग अकरा वर्षं मी परक्या बाप्याला हळदीकुंकू लावून राहिले व्हय?"

दर मंगळवारी तीच चिंच-राखेनं घासायची. अक्षरं गेली. कोणता बादशहा, ते आता कळणार नाही. गाठ तेवढी उरली.

ती गाठ तू तेव्हाच दाखवली होतीस. "व्यंकट, ही देवी न्हाई, बाप्या हाय. मानंमागं बघ, अंबाडा न्हाई, गाठ हाय." आणि मी चार माणसांत, तुझ्या छप्पन्नच्या दीक्षेवर बोट ठेवून, म्हणालो, "देव सोडलेल्यानं देवी ओळखू नये." तू चहा तसाच ठेवून उठलास. ते वाक्य आज पहिल्यांदा कागदावर लिहिलं.

पंधरा ऑगस्टला, जिल्ह्याच्या वाढदिवशी, प्रदर्शन आहे. कार्डावर 'कोणाला सापडलं' यापुढे सरांनी माझं नाव घातलं होतं. मी खोडून तुझं लिहिलं. नाणं मात्र अजून दिलेलं नाही. ज्याला सापडलं, ज्यानं ओळखलं, त्यानंच ते द्यावं.

चौदाला सकाळची एसटी धर. तू येशील, मला खात्री आहे. स्टँडवर उभा असेन. चहा या वेळी पिऊनच ऊठ.

घरात सगळ्यांना, आणि तुला, सत्तावीस वर्षं उशिरानं,
जयभीम.

तुझा खालचा सूर,
व्यंकट