पालकसभेतली आई

ता. नेर, जि. यवतमाळ
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय इंद्रजितदादा,

जय भीम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. कापसाला यंदाही भाव नाही, पण वेचणी जोरात आहे. आईची बोटं बोंडांनी सोलून निघालीत, तरी तुझ्या गादीसाठी कापूस बाजूला ठेवलाच तिने. पुण्यात थंडी पडली का?

तू विचारतोस, कॉलेज तपासायला नॅकची समिती येऊन गेली, आता प्रभा नोकरीत कायम झाली ना? सांगते.

समिती येणार म्हणून आम्ही भिंती रंगवल्या, कुलूपबंद प्रयोगशाळेतली कोळिष्टकं काढली. अडलं समितीपुढच्या पालकसभेपाशी. पालक सगळे वावरात! प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईला आणा. मुलगी बी.ए.ला शिकते, एवढंच म्हणायचं. ग्रेड चांगली मिळाली की तुमची ऑर्डर काढतो." अडला हरी, दादा. मी आईकडून ते वाक्य घोकून घेतलं.

आई ठेवणीतलं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. समितीतल्या बाईंनी हिंदीत विचारलं, मुलगी काय शिकते?

आई ताडकन उठली. "शिकत नाही जी, शिकवते! एम.ए. झाली माही पोरगी. पोळ्यापासून पगार नाही भेटला, तरी एक तास नाही चुकवला तिनं!" आणि माझ्याकडे बोट.

हो, पगाराचं तुला कळवलं नव्हतं. रागावू नकोस.

प्राचार्य हसून माझ्याकडे वळले. "या बाईंचा काहीतरी गोंधळ होतोय. या तुमच्या कोणी नाहीत ना, मॅडम?"

नुसती मान हलवली असती, तर आज ऑर्डर हातात असती. आई माझ्याकडे बघत होती, आपलं काय चुकलं म्हणून. मी म्हटलं, "माझीच आई आहे."

समितीतल्या बाईंनी आईला हात जोडले. समिती गेली त्या संध्याकाळी प्राचार्य मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मला आईचा राग आला होता, खूप. तिला फैलावर घ्यायचं ठरवूनच घरी आले. तर ती अंगणात शेजारच्या हंसाबाईला सांगत होती, "एवढ्या मोठ्या मॅडमनं मले हात जोडले! आता माह्या पोरीचं पक्कं झालं समज."

नोकरी गेल्याचं मी तिला सांगितलंच नाही. अजूनही नाही. रोज डबा घेऊन निघते आणि नेरच्या स्टँडवर बसते. परत आले की आई विचारते, "काय शिकवलं वं पोराईले आज?" मग चुलीपाशी बसून मी तिला अख्खा तास सांगते. मन लावून ऐकते रे ती.

तू ये. तिला सांगायला मला कुणीतरी सोबत हवं आहे.

तिची शिकवणारी पोरगी, तुझी बहीण,
प्रभावती