खोक्यातला चौतीस नंबर

संगमेश्वर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. हौसावहिनी यांना मृणालीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. लावणी आटपली, आता तणाची बेणणी चालू आहे. माळ्यावरून मखर काढलं तर उंदरांनी झालर खाल्लेली, ती नवी शिवायला घेतली आहे. तुमची तब्येत सुधारत असेल. तोंडाला चव नसेल तर मऊ पेज घ्या, भावोजींना तेवढी तरी करता येत असेल.

खरं तर फोनच करणार होते. पण तुमचा फोन भावोजी उचलतात आणि स्पीकर लावून मधोमध ठेवतात. ही बोलणी स्पीकरवरची नव्हेत. म्हणून पार्सलमध्येच चिठ्ठी घालते आहे. वरून ‘मेतकूट’ असं लिहिलंय, म्हणजे ते उघडायला जाणार नाहीत.

तुम्ही सांगितलेली वस्तू आत आहे. एक नव्हे, दोन, एक धुतली की दुसरी घाला. तुमची ऑपरेशनची बाजू डावी, तिथे आतून मलमलीचा कप्पा ठेवला आहे. त्यात घालायची पिशवी वेगळी आहे, तिच्यात नाचणी भरली आहे. आधी कापूस भरून पाहिला होता, पण त्याला वजन नसतं, त्या बाजूचा कप वर चढतो आणि एक खांदा वाकडा दिसतो. नाचणी भाजून घेतली आहे, किडा लागणार नाही. धुताना पिशवी काढून ठेवा. आणि जखम पूर्ण भरली का, हे डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय घालू नका. हे काळजीने सांगते आहे. राग पुढे आहे.

तुम्ही मेसेजमध्ये लिहिलंत, ‘गणपतीला यायचंय, एक बाजू रिकामी दिसते. तू शिवून दे. माप तुला माहीत आहे, चौतीस.’

माहीत कसं नसेल? मी या घरात आले त्या वर्षापासून दर गणपतीला तुम्ही मुंबईहून खोका आणता. सगळ्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या आणि त्यांच्याखाली पांढऱ्या बॉड्यांचा खोका, सगळ्या एका नंबरच्या. ‘येकीला येक नि दुसरीला येक नको, मागनं कुरबुरी नकोत,’ असं तुम्ही म्हणायचात आणि सासूबाई मान हलवायच्या. साडीचं ठीक आहे वहिनी, ती कोणालाही गुंडाळता येते. पण त्या खोक्यातलं मधल्या जाऊबाईंच्या अंगावर झोळीसारखं लोंबायचं आणि माझे हुकच लागायचे नाहीत. मी मागे इलॅस्टिकचा तुकडा जोडून घालायचे. पट्टे रुतून खांद्यांना चर पडले ते अजून तसेच आहेत. पावसाळ्यात तर त्या वाळायच्याही नाहीत. परकराखाली लपवून चुलीवरच्या दोरीवर टाकायच्या आणि सकाळी दमटच अंगावर चढवायच्या. छातीखालची कातडी सोलवटून निघायची. स्वतःची वेगळी आणावी म्हटलं तर तुमचा मान मोडला असता. ‘वहिनीनं येवढ्या लांबनं आणलानी,’ हे म्हणायचे. यांना मी काय दाखवणार होते?

तुमची वस्तू कशी असते ते बघायला गेल्या महिन्यात रत्नागिरीला गेले. स्टँडच्या मागे इफ्फत म्हणून एक बाई दुकान चालवते, पडद्याआड माप घेते. तिच्याकडची कप्प्याची ब्रा मी उलटसुलट करून पाहिली, शिवण कुठे येते ते बघून घेतलं. तेवढ्यात ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘भाभी, नि तुमी हे काय घातलाव?’ मी म्हटलं, चौतीस. तिने टेप काढली. आधी छातीखालून, मग वरून. ‘तुमाला पट्टा अडतीस लागतो नि कप डी. चौतीस कोनी सांगितला?’

कोणी सांगितला, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. चौतीस तुमचा नंबर. तुम्ही दुकानात जाऊन स्वतःचा नंबर सांगत होतात आणि डझनभर बांधून घेत होतात. इतकी वर्षं अख्खं घर तुमच्या मापात बसायला बघत होतं, आणि जिला बसत नव्हतं तिचं अंगच चुकीचं ठरत होतं. पडद्यामागे मी रडले. इफ्फतने पाणी दिलं. बरोबर मापाच्या दोन घेतल्या, एक तिथेच घातली. घरी येईपर्यंत एसटीत सरळ बसले होते आणि पाठ दुखत नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला.

म्हणून तुम्हाला टेप लावून माप पाठवायला सांगितलं. ते तीस भरलं. आता चौतीस तुम्हालाही होत नाही, वहिनी.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं आहे. लिहितेच. मे महिन्यात ऑपरेशनची बातमी आली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत होतं, मग स्वतःचीच किळस आली. पण वाटलं ते वाटलं. आणि ते माझ्यासाठी नव्हतं, माझ्या मनस्वीसाठी होतं.

माझं मी सोडून दिलं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत जागरणाला मी फुगडी धरली, तर ओटीवरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, ‘मृणाली, तू बस गो, जमीन हादरंल.’ सगळे हसले. हेही हसले. मी बसले ती बसलेच, पुन्हा फुगडीला उठले नाही. आता चाळिशी आली, जाऊ दे.

पण गेल्या वर्षी तुम्ही खोका उघडलात आणि सगळ्या बायकांसमोर माझ्या लेकीकडे बघून म्हणालात, ‘आयशीवर गेली. हिला यातली येक नाय पुरायची, दोन जोडून शिवा.’ तुम्ही विसरला असाल. ती विसरली नाही. कॉलेजच्या कबड्डी संघात होती, चढाईला गेली की गडी मारून यायची, सरांनी जिल्ह्यासाठी नाव दिलं होतं. गणपती आटपून हॉस्टेलवर गेली आणि खेळच सोडला. सरांचे फोन आले, तर पाय दुखतो म्हणाली. आता बापाचे शर्ट घालते आणि खांदे पुढे काढून चालते, हुबेहूब माझ्यासारखी. तिलाही मी इफ्फतकडे नेलं, मापाची घेऊन दिली. ब्रा मापाची झाली, पण पोरीची पाठ काही सरळ होत नाही. ती कुठल्या दुकानात मिळते ते तुम्हीच सांगा.

तुमच्या मेसेजची शेवटची ओळ मी आतापर्यंत टाळली. ‘कोणाला सांगू नकोस, बायका हसतील.’

ती वाचून मी मशीनवरून उठले आणि चार दिवस तुमच्या कामाला हात लावला नाही. म्हणजे हसल्यावर माणसाचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी समजत होते तुम्हाला कळत नाही. ‘तोंडानं फटकळ हाय, मनात काय नाय तिच्या,’ असंच सगळे म्हणायचे, आणि मीही मनस्वीला तेच सांगत होते. तुम्हाला माफ करायला माझ्याकडे तेवढं एकच निमित्त होतं. ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून काढून घेतलंत.

मी कोणाला सांगितलेलं नाही. मनस्वी शनिवारी घरी आली होती, तिने मशीनवर पाहिलं, तेव्हा तिला सांगावं लागलं. तिने हातात घेऊन शिवण दाबून बघितली. ‘चांगलं झालंय,’ म्हणाली. मग ती घडी घालून ठेवत म्हणाली, ‘आई, काकी येईल तेव्हा मी पूर्णगडला मैत्रिणीकडे जाऊ? विसर्जन झालं की येईन.’ मी जा म्हटलं. घरचा गणपती सोडून पोर परक्याच्या आरतीला उभी राहणार. भावोजींनी विचारलं तर परीक्षा आहे असं सांगेन. तुम्हाला मात्र खरं कारण माहीत असू दे.

तुम्ही जरूर या, घर तुमचंही आहे. खोका आणू नका. साडी नेसून आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही बाजू सारख्या दिसतील, ती जबाबदारी माझी. आणि बायकांची भीती बाळगू नका. आपल्या घरात हसायला सुरुवात नेहमी तुम्हीच करायचात.

तुमची धाकटी जाऊ,
मृणाली