नानासोचं सोंग

वडूज,
फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८६६

प्रिय अक्कास,

तू जोतिबाच्या हाती धाडलेलं गाठोडं शिमग्याच्या आधीच पोचलं होतं. पोच लिहायला उशीर केला, तो मुद्दामच. गाठोडं सोडलं आणि पहिली नजर गेली ती नानासोसाठी शिवलेल्या राजाच्या सोंगाच्या अंगरख्यावरच्या जरीवर. इथं रेशनच्या दुकानात जाडंभरडं कापड मिळायची मारामार, आणि दाजी कापडाच्या दुकानात, म्हणून तुझ्याकडं लाल साटीण आणि जरीची किनार. मी गाठोडं परत बांधून फडताळात सारलं.

कारण मीही सोंग शिवत होते, अक्का. मी दवाखान्यातून आल्यावरचा नानासोचा माझ्याजवळचा हा पहिलाच शिमगा. माझी छाती बरी होईस्तोवर त्याला जवळ येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि हे तिकडं ब्रह्मदेशात पलटणीबरोबर. म्हणून तो दोन वर्षं तुझ्याकडं राहिला. एका शिमग्याला तू त्याला वासुदेव केलंस, दुसऱ्याला शिपाई. वासुदेवाच्या टोपीला खरी मोरपिसं होती म्हणे, आणि शिपायाचा पट्टा खऱ्या चामड्याचा. हे तो मला येता-जाता सांगतो. मग मी ठरवलं, आपण अस्वल करायचं. तुझ्या सांगलीत असली घोंगडी कुठली मिळायला! मामंजींची जुनी काळी घोंगडी मागून घेतली, तिची कातडी शिवली, वर लोकरीचे पुंजके टाचले, नाकाला करवंटी लावली. मामंजी डमरू घेऊन दरवेशी व्हायला तयार झाले. शेजारची रंगुबाई बघायला आली आणि दचकलीच. मी मनातून सुखावले.

रंगपंचमीच्या सकाळी दोन्ही सोंगं त्याच्यापुढं ठेवली. घोंगडीकडं त्यानं पाहिलंही नाही. अंगरखा छातीशी धरून म्हणाला, "ह्यो माझ्या आयनं शिवलाय."

मी विचारलं, "आन मी कोण रं?"

"तू वडूजची आय."

मी पाठ फिरवून चुलीत लाकडं सारत बसले. मला दुखवायचं म्हणून तो बोलला नव्हता, तेच जास्त लागलं. मग मागून रडणं ऐकू आलं. वळून बघते तर बाह्या कोपराच्या जरा खालीच थांबलेल्या, छातीवरचे बंद एकमेकांना पोचेनात. आठ महिने बाजरीची भाकरी आणि शेळीचं दूध खाऊन पोरगं वाढलंय. तुझ्या हाताला त्याचं जुनं माप ठाऊक, आताचं मला. पोर रडत होतं आणि मला आनंद झाला, अक्का. मी म्हणाले, आता गुमान अस्वल हो. तो अंगरखा अंगात तसाच ठेवून कोपऱ्यात बसला. बाहेर हलगी वाजायला लागली तरी उठेना.

मामंजी दारात आले. "पोरी, त्येचा सण नासवू नगंस," एवढंच म्हणाले.

नाइलाजानं मी अंगरखा काढून घेतला आणि उलटा केला. आत प्रत्येक शिवणीला तू दोन-दोन बोटं कापड दाबून ठेवलंयस. बाह्यांच्या टोकाला तर वीतभर. वरचे टाके बारीक, आणि आतले लांब, ओढले की निघतील असे. तो वाढणार, तुझ्या डोळ्यांआड वाढणार, हे शिवतानाच तू मनात धरलं होतंस. मला कितीतरी वेळ सुईत दोरा ओवता येईना.

दुपारी राजा हलगीमागून गावभर फिरला. अस्वलाची कातडी मामंजींनी स्वतःच पाठीवर घेतली आणि राजापुढं नाचत गेले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चावडीपुढं कुणीतरी विचारलं, राजेसाहेब, पोशाख कुणी शिवला? मी कान देऊन उभी होते. तो म्हणाला, सांगलीच्या आयनं. बाह्या मी सोडल्या, हे सांगायचं त्याला सुचलं नाही. मीही सांगायला गेले नाही, पण रात्रीपर्यंत तेच डोक्यात होतं.

दिवाळीपासून तुझी दोन पत्रं आली, सुटीत नानासोला धाडशील का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. आज देतेय. शाळेला सुटी लागली की मामंजी त्याला घेऊन येतील. तो तुला आई म्हणेल, म्हणू दे. मला ते सोसत नाही, पुढं सोसेल असंही वाटत नाही. पण तेवढ्यासाठी त्याला तुझ्यापासून तोडणं माझ्याच्यानं होणार नाही. एकच मागते. निजवताना त्याला विचारत जा, वडूजला आई आत्ता काय करत असेल. तो जे सांगेल ते मला लिही. काही नाही सांगितलं, तर तेही लिही.

तुझीच धाकटी,
सुला